दार लावून, तीन तास

हॉस्पिटलातल्या कॉम्प्युटरवाल्याला त्याची ताई ‘तक्तेश्वर’ म्हणायची, आणि ते काही उगाच नाही. फ्रिज घ्यायचा झाला की हा पठ्ठ्या दोन फ्रिज शेजारी शेजारी मांडून त्यांचा तक्ता करणार. चपला घ्यायच्या तरी दोन्हींच्या तळाची जाडी मोजणार. एकदा लग्नासाठी दोन मुली पाहून आल्यावर त्याने त्यांचाही तक्ता केला होता. उंची, शिक्षण, बोलण्याचा वेग. दोन्हीकडून नकार आलाय ही बाब तेवढी त्या तक्त्यात नव्हती. तो कागद ताईने जपून ठेवलाय आणि घरात चार माणसं जमली की हटकून बाहेर काढते.

तर या तक्तेश्वराने सहा आठवड्यांपूर्वी दोन ग्राफिक्स कार्डांचा तक्ता केला.

हॉस्पिटलात किरणोपचाराच्या दोन खोल्या आहेत, अगदी जुळ्या. एकीचा पेशंट दुसरीत नेला तरी काही अडत नाही. फुप्फुसात गाठ असली की ती श्वासाबरोबर वरखाली होते, म्हणून मशीन सतत आतली चित्रं घेतं आणि गाठ आत्ता नेमकी कुठे आहे ते कॉम्प्युटर सेकंदाला पाच वेळा सांगतो. तो सांगेल तिथे किरण पडतात. हे सांगण्याचं काम ग्राफिक्स कार्डाचं. मुळात ते पोरांच्या खेळातली चित्रं झरझर रंगवायला बनलेलं, पण हजारो आकडेमोडी एका वेळी उरकायची त्याची खोड इथेही कामाला येते. दोन नंबरच्या खोलीतलं असं एक कार्ड जळालं, आणि नवीन कोणतं घ्यायचं हे ठरवायचं काम त्याच्याकडे आलं.

एक होतं जुन्या धाटणीचं, जाडं, तीन पंख्यांचं. एक नंबरच्या खोलीत तेच चालू होतं. दुसरं नवं, बारकं, एका पंख्याचं. त्याने तक्ता मांडला. जाड्यात आठ हजार सातशे चार कोअर, म्हणजे आकडेमोड करणारे हात, बारक्यात नऊ हजार दोनशे सोळा. जाड्याचा वेग दोन पूर्णांक शून्य सात गिगाहर्ट्‌झ, बारक्याचा दोन पूर्णांक सहा. कोअर गुणिले वेग, आणि प्रत्येक कोअर एका ठोक्याला दोन कामं करतो म्हणून गुणिले दोन. जाडं आलं छत्तीस टेराफ्लॉप, बारकं अठ्ठेचाळीस. म्हणजे सेकंदाला अठ्ठेचाळीस लाख कोटी आकडेमोडी. त्याने अठ्ठेचाळीसच्या खाली दोन रेघा ओढल्या, आणि त्या ओढताना त्याला जे सुख झालं ते त्या दोन मुली पाहतानाही झालं नव्हतं.

कागदावरचा गुणाकार मोठा गोड असतो. त्यात धूळ नसते, उकाडा नसतो, बंद कपाट नसतं. बारक्याच्या माहितीपत्रकात त्या दोन पूर्णांक सहाच्या डोक्यावर एक चांदणी होती आणि पान संपता संपता, मुंगीएवढ्या अक्षरात, ‘तापमान अनुकूल असताना’ एवढंच लिहिलं होतं. हे त्याने वाचलं नव्हतं असं नाही. असल्या चांदण्या वाचण्यात त्याची अर्धी नोकरी गेली होती.

म्हणूनच हॉस्पिटलचा नियम होता की कागदावरचा आकडा पुरे नाही. नवं कार्ड यायचं, ते कॉम्प्युटरसकट कंट्रोल रूममधल्या लोखंडी कपाटात ठेवायचं आणि दार लावून सलग तीन तास पळवायचं. दार लावूनच, कारण ते उघडं असलं की मशीन सुरूच होत नाही, तशी सोयच केलेली आहे. तीन तासांनी जो आकडा दिसेल तो तपासणीच्या पत्रकात ‘प्रत्यक्ष मोजलेला’ म्हणून लिहायचा आणि पुढच्या चौकोनात बरोबरची खूण करायची: ‘दार लावून, तीन तास.’

त्याने काय केलं? कॉम्प्युटर आपल्या टेबलावर आणला, एका बाजूचा पत्रा काढला, पंखा नीट फिरतोय ना हे बघायला म्हणून, आणि कार्ड पाच मिनिटं पळवलं. आकडा आला सत्तेचाळीस पूर्णांक सहा. कागदाच्या इतक्या जवळ आलेला आकडा बघून तो खूशच झाला. या धंद्यातली माणसं नवी वस्तू अशीच बघतात, पोट उघडं ठेवून, टेबलावर. बाहेर पेशंट खोळंबले होते. त्याने सत्तेचाळीस पूर्णांक सहा लिहिलं आणि चौकोनात खूण केली. बरोबरची, ठसठशीत.

सहा आठवडे काही झालं नाही. निदान काही झाल्याचं कोणी सांगितलं नाही.

मग सोमवारी संध्याकाळी ताईचा फोन आला. डाव्या फुप्फुसातल्या गाठीचं तिला दोन महिन्यांपूर्वी कळलं होतं, आणि तेव्हापासून ती फोनवर जास्तच मोठ्याने बोलायची.

“तक्तेश्वरा, तारीख मिळाली. परवा, बुधवारी, साडेनऊ वाजता. दोन नंबरची खोली. म्हणजे तुझीच ना रे ती?”

“हो,” तो म्हणाला.

“चौदा मिनिटं लागणार म्हणे. गाठ हृदयाला खेटून आहे ना. भाऊजींना सांगितलंय, माझा भाऊ आहे तिथे, तुम्ही काळजी करू नका.”

त्याने फोन ठेवला. सहा आठवड्यांत एकदाही त्याला तो चौकोन आठवला नव्हता. आता दुसरं काही आठवेना. ती खूण त्याला जेवताना ताटात दिसली आणि दात घासताना आरशात दिसली. तो ताईकडे गेला. ती गादीवर उताणी पडून नेहमीसारखा श्वास घेण्याचा सराव करत होती, कारण डॉक्टरांनी श्वास नेहमीसारखा ठेवा म्हणून बजावलं होतं, आणि ताईचा नवरा शेजारी मनगटातलं घड्याळ डोळ्यांशी धरून मोजत बसला होता.

“अहो, तुम्ही असं टक लावून बघितलंत तर नेहमीसारखा कसा येईल श्वास?” ताई खेकसली.

भाऊजी म्हणाले, “बघ रे, मिनिटाला सोळा. मघाशी चौदा होते. तुझ्या तक्त्यात कोणतं लिहू?”

तो हसला. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि ताई अठराची. शाळेत पोचवायला तीच, शाळेतून मार खाऊन आला तर दुसऱ्याच्या घरी जाऊन भांडायलाही तीच. तिच्या छातीवरची चादर वरखाली होत होती आणि तो त्या चादरीकडे बघत बसला. गाठ आत्ता वर असेल, आत्ता खाली. उत्तर उशिरा आलं तर किरण गाठ आधी जिथे होती तिथे पडतील, जुन्या पत्त्यावर टाकलेल्या पत्रासारखे, आणि त्या पत्त्यावर आता दुसरंच कोणी राहत असेल. हृदय.

मंगळवारी सकाळी सात वाजता तो कंट्रोल रूममध्ये हजर होता. पहिला पेशंट आठला. त्याने कपाटाचं दार लावलं, कार्ड पळवायला सुरुवात केली आणि खुर्ची ओढून बसला. सत्तेचाळीस. पाच मिनिटं झाली, सत्तेचाळीस. त्याला हायसं वाटलं; आपण उगाचच घाबरलो, असंही वाटून गेलं. आठव्या मिनिटाला कपाटातला पंखा कोकलायला लागला. नवव्या मिनिटाला आकडा एकेचाळीस झाला, मग चौतीस, मग एकोणतीस. कार्ड तापलं होतं आणि स्वतःला जळू न देण्यासाठी हळू चालायला लागलं होतं. आकडा चोवीसवर येऊन थांबला. बरोबर निम्मा. जाड्याच्या छत्तिसापेक्षाही कितीतरी खाली.

चोवीस म्हणजे उत्तर एक पंचमांश सेकंदात यायच्या ऐवजी दोन पंचमांशात. मशीनची धोक्याची घंटा वाजते ती अर्ध्या सेकंदाला. म्हणजे घंटा वाजणार नाही. सहा आठवडे ती का वाजली नाही ते त्याला कळलं. कोणाचं सहा मिनिटांत आटोपतं, कोणाचं आठ. नऊच्या पुढे जाणारे किती होते, हे बघायला पेशंटांची यादी समोरच लटकत होती. त्याने यादीकडे पाठ फिरवली.

आता इथे तो सरळ वर जाऊन किरणांचा हिशेब ठेवणाऱ्या मॅडमना सांगू शकत होता. त्यांची केबिन एका जिन्यावर होती. पण भीती माणसाला जिने चढू देत नाही, ती आडवाटाच दाखवते. स्टोअरमध्ये एक नंबरसाठी राखलेलं एक जाडं कार्ड पडून होतं. रविवारी मशीन बंद असतं. रविवारी गुपचूप कार्ड बदलायचं, दार लावून तीन तास पळवायचं, की झालं. कोणाला पत्ता लागणार नाही. राहता राहिली ताई.

तो पेशंटांना वेळ आणि खोली देणाऱ्या यादीवाल्या काकूंकडे गेला.

“काकू, माझ्या ताईला एक नंबरच्या खोलीत घ्याल का उद्या?”

“का हो? दोन नंबर तर नवीकोरी केलीत तुम्ही.”

“ती जरा घाबरट आहे. एक नंबरची खोली हवेशीर आहे.”

काकूंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, पण बहिणीसाठी माणूस असलं काहीबाही मागतोच. त्यांनी यादी खालीवर केली. “एक नंबरला साडेनऊला एक रिटायर्ड कंडक्टर आहेत, त्यांचाही पहिलाच दिवस. त्यांना दोनला टाकते. त्यांची अकरा मिनिटं आहेत, जमून जाईल.”

अकरा. त्याने तो आकडा ऐकला. अकरातून नऊ गेले की किती उरतात, हे पहिलीतलं पोरही सांगेल. तो म्हणाला, “थँक्यू हं काकू.”

बुधवारी सकाळी त्याला जरा बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचीही भीती वाटत होती. तो स्टोअरमध्ये जाऊन जाड्या कार्डावरची धूळ फुंकत बसला. साडेनऊ वाजले. त्याने मनातल्या मनात ताईला एक नंबरच्या खोलीत नेलं, टेबलावर झोपवलं, दिवा लाल केला. कंडक्टरांना कुठेही नेलं नाही. त्यांचा विचार आला की तो कार्डाचे पंखे मोजायचा. एक, दोन, तीन.

शेवटी न राहवून तो बाहेर आला. बाहेरच्या हॉलमध्ये भाऊजी बसले होते, मांडीवर ताईची पर्स, वर तिचा चष्मा. बाकड्याच्या मागे दार होतं, दारावर लाल दिवा, आणि दिव्याखाली आकडा होता दोन.

“भाऊजी, इथे का बसलात? ताई एकमध्ये आहे ना?”

“अरे, होती. म्हणजे होणार होती.” भाऊजी खुशीत होते, बायकोचं कौतुक सांगायला मिळालं की ते नेहमीच असे खुलतात. “एक म्हातारे कंडक्टर आले होते बघ. एकटेच. गेल्या आठवड्यात त्यांना एक नंबरची खोली आतून दाखवलेली, आणि आज म्हणे दोन. ते असे गांगरले! मशीन नवं आहे, मला नको, मी घरी जातो, म्हणून उठलेच. डोळ्यांत पाणी. मग तुझी ताई काय गप्प बसते? म्हणाली, आजोबा, तुम्ही जा एकमध्ये. मी जाते दोनमध्ये. ते मशीन माझ्या भावाने स्वतः तपासलंय, त्याच्याइतकं बारकाईने कोणी तपासत नाही. तुझा तो मुलींचा तक्तासुद्धा सांगितला त्यांना. म्हातारा हसला रे! काकूंनी सही घेतली आणि—”

“लाल दिवा लागून किती वेळ झाला?”

“मोजतोय ना मी.” भाऊजींनी मनगट वर केलं. “आठ मिनिटं आणि… दहा सेकंद.”

तो धावला. त्याच्या पंधरा वर्षांच्या नोकरीत त्या हॉलमधून कोणी धावलं नव्हतं. कंट्रोल रूमचं दार ढकलून तो आत घुसला तेव्हा मशीन चालवणारी मुलगी स्क्रीनकडे बघत शांत बसली होती. स्क्रीनवर ताई होती, वरून दिसणारी, हात डोक्याच्या वर घेतलेली. श्वास नेहमीसारखा. कोपऱ्यात उत्तराचा वेळ होता, शून्य पूर्णांक एकवीस. सगळं ठीक. कपाटातून पंख्याचा आवाज यायला नुकती सुरुवात झाली होती.

आठ मिनिटं चाळीस.

अजूनही कोणाला काही कळलेलं नव्हतं, आणि न सांगता कधी कळणारही नव्हतं. भिंतीवरचं लाल बटण त्याला पहिल्या खेपेला लागलंच नाही. दुसऱ्या खेपेला त्याने तळहाताने ते दाबलं.

मशीनचा घूं घूं आवाज एकदम थांबला. मुलगी ताडकन उठली.

“अहो, काय केलंत? पेशंट आत आहे! काय झालं?”

“काही नाही झालं,” तो म्हणाला. “अजून.”

तिने घाईघाईने माईक चालू केला आणि ताईला हलू नका, घाबरू नका म्हणून सांगितलं. मग वर फोन केला. मॅडम जिना उतरून आल्या, धापा टाकत, हातात पेन तसंच. त्यांनी स्क्रीन बघितला, घंटेची नोंद बघितली, सगळं हिरवं. मग त्याच्याकडे बघितलं.

“कारण सांगा.”

त्याने सांगितलं. टेबल, उघडा पत्रा, पाच मिनिटं. सत्तेचाळीस पूर्णांक सहा. चौकोनातली खूण. बंद दार, नववं मिनिट, चोवीस. बोलताना त्याचा आवाज चिरकत होता, पण आकडे एकही चुकले नाहीत. आकडे त्याचे कधी चुकायचेच नाहीत.

“हे तुम्हाला कधी कळलं?”

“काल. सकाळी सात वाजता.”

मॅडमनी समोरची यादी ओढून मोजली. मग अगदी हळू म्हणाल्या, “काल सकाळी आठपासून आत्तापर्यंत या खोलीत तेवीस पेशंट झाले.”

“मी रविवारी बदलणार होतो.”

“आणि तुमच्या बहिणीला काल एकमध्ये हलवून घेतलंत. काकूंनी मला सांगितलं होतं. मला वाटलं, घाबरली असेल.”

“हो,” तो म्हणाला.

तेवढ्यात भिंतीवरच्या स्पीकरमधून खरखर आली. माईक चालूच राहिला होता. आत ताई हात डोक्यावर घेऊन पडली होती तशीच पडून होती आणि तिने सगळं ऐकलं होतं.

“त्या कंडक्टरांना इथे झोपवणार होतास?” ती म्हणाली.

त्याने माईककडे बघितलं. स्क्रीनवर ताईची छाती वरखाली होत होती, आता नेहमीसारखी नाही, भराभरा.

“मी त्यांना सांगितलं रे, माझ्या भावाने तपासलंय म्हणून. म्हातारा मला हात जोडून गेला.”

मुलीने आत जाऊन ताईला उठवलं.

दोन नंबरच्या खोलीला कुलूप लागलं. बाहेर बसलेल्यांना मॅडमनी स्वतः जाऊन सांगितलं, आणि मग त्याला वर केबिनमध्ये बोलावून एक कोरा कागद पुढे सरकवला. सहा आठवड्यांतला प्रत्येक पेशंट, त्याची एकूण मिनिटं, नऊच्या पुढची मिनिटं. प्रत्येकाला परत बोलवायचं होतं. तुमच्या नोकरीचं काय ते नंतर बघू, म्हणाल्या; आधी हे. तुमच्याइतकं बारकाईने कोणी करणार नाही, असंही म्हणाल्या, आणि त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच तो वर बघू शकला नाही.

त्याने रेघा मारल्या. उभ्या तीन, मग आडव्या. आयुष्यात पहिल्यांदा त्याला तक्ता भरायची भीती वाटत होती. नुसती नव्हे, पेन कागदाला टेकू देत नव्हती अशी भीती. ज्यांच्यासाठी तो कधी घाबरला नव्हता ती सगळी माणसं त्या यादीत ओळीने उभी होती.

दार वाजलं. ताई होती, हॉस्पिटलचा गाऊन तसाच, वर भाऊजींचा स्वेटर. तो उठायला लागला तशी तिने हातानेच बस म्हणून सांगितलं. शेजारची खुर्ची ओढून ती बसली. तिने त्याला जवळ घेतलं नाही, रागावलीही नाही. लहानपणी तो मार खाऊन घरी आला की ती अशीच शेजारी बसायची आणि कोणाकोणाला तू मारलंस, ते आधी सांग, म्हणायची.

“किती जण आहेत?” तिने विचारलं.

“एकशे ब्याण्णव.”

“मोठ्याने वाच. एकेकाचं नाव घे, आणि मगच लिही.”

“ताई, तू जा ना घरी. दमली असशील.”

“वाच.”

त्याने यादी हातात घेतली. पहिलं नाव एका बाईचं होतं, वय एकतीस, मिनिटं तेरा. त्याने ते तोंडातल्या तोंडात वाचलं. ताईने कान पुढे केला, आणि त्याने ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं.